मताचा हक्क आणि मार्गारेटबाई कझिन्स

वाचकहो, आपल्या गावच्या शाळेत रोज सकाळी 'जन गण मन' म्हटले जाते. मास्तर पेटीवर सूर धरतात, पोरे ताठ उभी राहतात. हे गीत रवींद्रनाथ ठाकुरांचे, हे पहिलीतले पोरही सांगेल. पण १९१९ च्या फेब्रुवारीत, आंध्रातल्या मदनपल्ली नावाच्या लहानशा गावी, एका कॉलेजात पाहुणे म्हणून उतरलेल्या रवींद्रनाथांनी हे गीत गाऊन दाखवले, तेव्हा त्याची स्वरलिपी कागदावर उतरवून घेणारी एक आयरिश बाई तिथे होती, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तिचे नाव मार्गारेट कझिन्स. काही लोक उत्साहाच्या भरात 'चालच तिने लावली' असे सांगतात. ते तितकेसे खरे नाही. गीत कलकत्त्यास १९११ च्या काँग्रेसमध्येच गायिले गेले होते. बाईंनी केले ते काम स्वर नीट लिहून ठेवण्याचे, आणि तेही लहान नव्हे.

परंतु आज या बाईंची ओळख करून द्यायची ती गाण्यासाठी नाही. आपल्या देशात निवडणूक लागली म्हणजे बायामाणसे रांगेत उभी राहतात, बोटाला शाई लावून घेतात आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसतात. जणू हे पूर्वापार असेच चालत आले आहे! ते तसे नाही. हा हक्क कोणी तरी मागितला, कागदावर लिहून मागितला, नाकारल्यावर पुन्हा मागितला. ज्यांनी मागितला त्यांत सरोजिनीबाई नायडू होत्या, ॲनी बेझंटबाई होत्या, मुंबईच्या हिराबाई टाटा होत्या, आणि अर्जाचा मसुदा लिहायला बसलेली ही परमुलखातून आलेली बाई होती.

आता ती कोण, कुठली, आणि आपल्याकडे आली कशी, ते पाहू.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात असलेले बेट. बटाटा हे तिथल्या गरिबाचे अन्न, आणि इंग्रजांचे राज्य हे तिथलेही दुखणे. त्या बेटावर रॉसकॉमन नावाच्या परगण्यात बॉइल नावाचे गाव आहे. तिथे ७ नोव्हेंबर १८७८ रोजी मार्गारेट गिलेस्पी जन्मली. घर प्रॉटेस्टंट पंथाचे, बाप सरकारी कोर्टकचेरीतला आणि इंग्रजी राज्याचा पक्षपाती, आणि मुलगी पुष्कळ भावंडांतली थोरली. थोरल्या मुलीचे काय होते ते आपल्याला सांगायला नको. पण हिच्या बोटांत संगीत होते. त्या जोरावर तिला डब्लिन शहरी शिकायला जाता आले आणि १९०२ साली ती संगीताची पदवीधर झाली. पुढच्या वर्षी जेम्स कझिन्स नावाच्या कवीशी तिचे लग्न झाले. नवराबायको दोघेही शाकाहारी! त्या मुलखात हे म्हणजे आपल्याकडे पंढरीच्या वारकऱ्याने कोंबडी मागण्याइतके विपरीत. लोक हसत, पण ही जोडी कोणाच्या हसण्याने मागे सरणारी नव्हती.

त्या वेळी आयर्लंडमधल्या बायकांना मताचा हक्क मुळीच नव्हता असे नाही. १८९८ च्या कायद्याने घरमालक किंवा भाडेकरू असलेल्या बायकांना गावच्या आणि जिल्ह्याच्या कारभारापुरते मत मिळाले होते. गटार कुठे बांधावे, रस्त्याला खडी केव्हा घालावी, याबद्दल बाईने बोलावे; पण कर किती घ्यावा, लढाई करावी की नाही, लग्नाचा नि वारशाचा कायदा कसा असावा, हे ठरवणाऱ्या लंडनच्या पार्लमेंटात तिने कोणाला पाठवावे, हे मात्र तिच्या नवऱ्याने किंवा भावाने ठरवायचे. बाई कर भरीतच होती, बरं का. कर घेताना ती बाई आहे की बुवा हे कोणी पाहत नव्हते.

१९०६ साली मँचेस्टरला स्त्रियांच्या एका परिषदेला मार्गारेटबाई गेल्या आणि हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. १९०८ साली त्यांनी आणि हॅना शीही-स्केफिंग्टन या विदुषीने मिळून डब्लिनमध्ये आयरिश स्त्री मताधिकार संघ काढला. कझिन्सबाई त्याच्या खजिनदार. या बायका खेड्यापाड्यांतून हिंडत, आणि डब्लिनच्या फिनिक्स पार्क या मोठ्या बागेत उघड्यावर सभा घेत. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी वडाच्या पारावर उभे राहून भाषण करावे तसेच ते. टिंगल व्हायची, आणि ती सोसून बोलायला शिकणे हीच पहिली शाळा.

१९१० च्या नोव्हेंबरात लंडनला बायकांचा मोठा मोर्चा पार्लमेंटकडे निघाला. डब्लिनहून सहा जणी गेल्या, त्यांत मार्गारेटबाई होत्या. पोलिसांनी त्या दिवशी बायकांना फार वाईट वागवले, ढकलले, मारले. शंभरावर स्त्रिया पकडल्या गेल्या. त्या धामधुमीत खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल मार्गारेटबाईंना लंडनच्या होलोवे तुरुंगात एक महिना काढावा लागला.

काचा फोडणे हे संगीताच्या पदवीधर बाईला शोभते का, असे तेव्हाही लोक विचारीत. त्याचे उत्तर असे की चाळीस वर्षे अर्ज करून, सह्यांचे भारे वाहून, पाय झिजवून झाले होते. अर्ज कपाटात पडत होते. काच फुटली म्हणजे निदान खटला होई, खटला झाला म्हणजे कोर्टात बोलता येई, आणि कोर्टात बोललेले वर्तमानपत्रात छापून येई. त्यांचा हिशेब हा असा होता. तो सर्वांना पटेल असे नाही. पण अविचार म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे, आणि न्यायाचे नाही.

आता इथे एक गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी, कारण पुढे हिंदुस्थानातही तोच प्रश्न उभा राहिला. त्याच काळात आयर्लंडला 'होमरूल' म्हणजे स्वराज्य देण्याचे विधेयक पार्लमेंटापुढे होते. आयरिश पुढारी त्यासाठी जिवाचे रान करीत होते. बायका म्हणाल्या, या स्वराज्यात आम्हालाही मत द्या. पुढारी म्हणाले, आधी स्वराज्य, मग तुमचे बघू. आत्ता मधेच तुमचा प्रश्न घुसडला तर सारेच ओमफस होईल. मार्गारेटबाईंना स्वराज्य हवेच होते. पण अर्ध्या जनतेला वगळून झालेले स्वराज्य कोणाचे, हा त्यांचा सवाल होता. १९१३ च्या जानेवारीत, विधेयकात बायकांच्या मताची तरतूद होत नाही असे दिसल्यावर, त्यांनी व त्यांच्या मैत्रिणींनी सरकारचे ठाणे जो डब्लिनचा किल्ला, त्याच्या काचा फोडल्या. शिक्षा एक महिना, तुरुंग टुलामोर गावचा. तिथे त्यांनी मागणी केली की आम्ही चोरदरोडेखोर नाही, राजकीय कैदी म्हणून वागवा; आणि त्यासाठी अन्नत्याग केला. आपल्याकडे उपोषण म्हटले की गांधीजी आठवतात. त्या काळी इकडेही आणि तिकडेही, बिनहत्यारी माणसाला तुरुंगात तेवढे एकच हत्यार उरत होते.

त्याच वर्षी जेम्ससाहेबांना इंग्लंडात लिव्हरपूलला शाकाहारी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोघांनी आयर्लंड सोडले. १९१८ साली तिथे तीस वर्षांवरच्या, ठराविक मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या बायकांना पार्लमेंटचे मत मिळाले, आणि १९२२ साली स्वतंत्र आयर्लंडने एकवीस वर्षांवरच्या साऱ्या बायकांना ते दिले. पण तिथल्या बायका १९१८ च्या डिसेंबरात पहिल्यांदा मत टाकायला गेल्या त्या दिवशी, ज्या बाईने त्यासाठी दोनदा तुरुंग भोगला ती हिंदुस्थानात होती, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज लिहीत होती.

हिंदुस्थानात त्यांना आणले बेझंटबाईंनी. दोघे नवराबायको थिऑसॉफीच्या, म्हणजे सर्व धर्मांत एकच सत्य पाहणाऱ्या पंथाचे. १९१५ साली ते मद्रासला आले. जेम्ससाहेब बेझंटबाईंच्या 'न्यू इंडिया' पत्रात काम करू लागले. १९१६ साली डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, साहेबांनी त्याची स्तुती करणारा लेख लिहिला, आणि त्यांची वर्तमानपत्रातली खुर्ची गेली. मग मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल कॉलेजात त्यांना नेमले. मार्गारेटबाई तिथे इंग्रजी शिकवू लागल्या. म्हणजे, शिक्षकमित्रहो, ही बाई तुमच्यातलीच, तालुक्याच्या गावातली एक शिक्षिका.

महाराष्ट्राशी त्यांचा धागा याच वेळी जुळला. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली पुण्याला महिला विद्यापीठ काढले, जे पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने चालू आहे. त्या विद्यापीठाच्या पहिल्या अभारतीय सभासद म्हणून मार्गारेटबाईंना घेण्यात आले.

१९१७ च्या मे महिन्यात मद्रासजवळ अड्यार येथे 'विमेन्स इंडियन असोसिएशन' ही संस्था निघाली. बेझंटबाई अध्यक्ष, डोरोथी जिनराजदास आणि मार्गारेटबाई कामाच्या मुख्य खांब. संस्थेने 'स्त्रीधर्म' नावाचे मासिक काढले. इंग्रजी मजकुराबरोबर त्यात देशी भाषांतलाही मजकूर असे, आणि त्याच्या संपादनाचे ओझे पुष्कळ वर्षे मार्गारेटबाईंनी वाहिले.

आणि आता मुख्य प्रसंग. १९१७ च्या ऑगस्टात इंग्लंडचे भारतमंत्री माँटेग्यू यांनी जाहीर केले की हिंदी लोकांना कारभारात हळूहळू वाटा देण्यात येईल. त्यासाठी लोकांची मते ऐकायला ते स्वतः हिंदुस्थानात येणार होते. जमीनदार, व्यापारी, नाना जातींच्या सभा, सगळे भेटीची वेळ मागू लागले. मार्गारेटबाईंनीही पत्र धाडले, की स्त्रियांच्या शिष्टमंडळाला मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि इतर सुधारणांबद्दल बोलायचे आहे. उत्तर आले: मंत्रिमहाशय फक्त राजकीय विषयावरची शिष्टमंडळे भेटीला घेतील.

दुसरी कोणी असती तर इथेच घोडे पेंड खाते. बाईंनी विचार केला, राजकीयच पाहिजे ना? ठीक आहे! आणि अर्जात मताच्या हक्काची मागणी घातली. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या मतहक्काची अशी सरकारदरबारी पहिली जाहीर मागणी झाली ती थोडी सरकारी नियमामुळे आणि थोडी डब्लिनच्या अनुभवामुळे, असे म्हणायला हरकत नाही.

१८ डिसेंबर १९१७ रोजी मद्रासला सरोजिनीबाई नायडूंच्या पुढारीपणाखाली हे शिष्टमंडळ माँटेग्यूसाहेबांना भेटले. निरनिराळ्या प्रांतांतल्या, हिंदू, मुसलमान, पारशी घरांतल्या स्त्रिया त्यात होत्या. मागणीतला कळीचा मुद्दा एका शब्दाचा होता. सुधारणांच्या सरकारी कागदांत 'लोक' असे शब्द वारंवार येत. लोकांना अधिकार, लोकांचे प्रतिनिधी. बायकांनी एवढेच म्हटले, की मतदारांची व्याख्या करताना आम्हालाही 'लोकां'त धरावे. पुरुषाला जी पात्रता लावाल तीच आम्हाला लावा, बाई म्हणून वगळू नका.

यात जादा काही मागितलेले नव्हते, हे ध्यानात घ्या. त्या काळी सर्व पुरुषांनाही मत नव्हते. जो ठराविक रकमेचा शेतसारा भरतो, ज्याच्या घराला ठराविक भाडे येते, जो प्राप्तीकर देतो, अशा मूठभरांनाच मत. तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी बहुतेकांची नावे त्या यादीत नसणार. मग बायकांचे काय? ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर जमीन किंवा घर, तिलाच मत मिळायचे. आपल्या सातबाऱ्यावर आजही बायकांची नावे किती असतात ते तलाठ्याला विचारा, म्हणजे त्या वेळी किती जणी पात्र ठरल्या असत्या याचा अंदाज येईल. तरीही लढाई होती ती तत्त्वासाठी. दाराला आतून कडी होती. ती आधी काढायची, मग आत किती जणी शिरतात ते पाहायचे.

सरकारने मतदारांचे ठरवायला लॉर्ड साउथबरो यांची कमिटी नेमली. ती १९१८-१९ च्या हिवाळ्यात देशभर फिरली आणि तिने कौल दिला: हिंदुस्थानचा समाज जुन्या वळणाचा आहे, बायका पडद्यात आहेत, तेव्हा त्यांना मत देणे अजून वेळेआधीचे होईल. म्हणजे पडदा कोणाच्या दारी आहे आणि शेतात कोण राबते आहे, याची चौकशीच नाही! कुणब्याची बाई, कोळ्याची बाई, हिने कधी पडदा पाहिला होता? मात्र एवढे खरे की मार्गारेटबाई आणि त्यांच्या सोबतिणीही बहुतेक शिकल्यासवरल्या, शहरी घरांतल्याच होत्या; शेतमजूर बाई त्यांच्या शिष्टमंडळात नव्हती. हे उणे त्यांच्या पदरी लिहावेच लागेल.

कमिटीच्या कौलानंतर ठिकठिकाणी बायकांच्या निषेधसभा झाल्या, अर्ज गेले, तारा गेल्या. काँग्रेसने १९१८ सालीच बायकांच्या बाजूने ठराव केला होता. आयर्लंडात पुढारी आडवे आले होते. इथे पुष्कळसे पुढारी पाठीशी उभे राहिले. माझ्या मते याच कारणाने मार्गारेटबाईंना इथे मतासाठी काच फोडावी लागली नाही. परकी सत्ता ज्यांना 'तुम्ही लायक नाही' म्हणत होती, त्यांना स्वतःच्या बायकांना तेच वाक्य ऐकवणे जड गेले असावे. १९१९ साली लंडनला पार्लमेंटच्या कमिटीपुढे साक्षी झाल्या. सरोजिनीबाई आणि बेझंटबाई तिथे बोलल्या. मुंबईहून हिराबाई टाटा आणि त्यांची एकवीस वर्षांची मुलगी मिठन अशा मायलेकी गेल्या, आणि त्यांनी इंग्लंडात गावोगाव सभा घेतल्या. ही मिठन पुढे मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली स्त्री झाली.

लंडनने मधला मार्ग काढला. आम्ही देत नाही, पण प्रांतांच्या कायदे कौन्सिलांना वाटले तर त्यांनी ठराव करून द्यावे. चेंडू प्रांतांकडे टोलवला. तो मद्रासने १९२१ च्या एप्रिलात झेलला. त्याच वर्षी मुंबई प्रांतानेही. मुंबई-पुण्याकडे रमाबाई रानड्यांनी त्या दोन वर्षांत या चळवळीसाठी खूप खस्ता खाल्ल्या. मग एकामागून एक इतर प्रांत आले. त्याच सुमारास मद्रास सरकारने मार्गारेटबाईंना मानद मॅजिस्ट्रेट नेमले. देशात या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. जिला तीन वेळा न्यायाधीशापुढे उभे राहायचे होते, त्यांतल्या दोन खेपा झाल्यावर ती स्वतः न्यायासनावर बसली. तिसरी खेप पुढे यायची होती.

मत मिळाले तरी उभे राहण्याचा हक्क लगेच मिळाला नाही. तो १९२६ साली आला. निवडणूक तोंडावर आलेली, आणि उभी राहायला बाईच नाही, अशी पंचाईत. मार्गारेटबाईंनी मंगळूरच्या तरुण कमलादेवी चट्टोपाध्यायांना अक्षरशः गळ घातली. कमलादेवी मद्रास कौन्सिलसाठी उभ्या राहिल्या. तयारीला वेळ असा नव्हताच. मार्गारेटबाई प्रचाराला धावल्या. कमलादेवी थोड्याशा मतांनी पडल्या. पण पडल्या त्या अशा रीतीने की पुढच्या वेळी बाई उभी राहिली तर लोक हसणार नाहीत.

आणि त्या कमलादेवी लगेच दुसऱ्या कामाला जुंपल्या गेल्या. ते काम आपल्या पुण्यातले. १९२६ साली बंगालच्या शिक्षणखात्याचे प्रमुख ओटन यांनी कलकत्त्याच्या बेथून कॉलेजात मुलींपुढे भाषण करताना म्हटले, की मुलींना कसले शिक्षण हवे ते बायकांनीच एकमुखाने सांगावे. मार्गारेटबाईंनी ही गोष्ट उचलली आणि गावोगावच्या स्त्रियांना पत्रे धाडली: आपापल्या भागात परिषदा भरवा, ठराव करा, प्रतिनिधी निवडा. अशा ठिकठिकाणच्या परिषदांतून निवडून आलेल्या स्त्रिया ५ ते ८ जानेवारी १९२७ या दिवसांत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जमल्या. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. हीच अखिल भारतीय महिला परिषद. कमलादेवी तिच्या संघटक चिटणीस झाल्या.

मुद्दा शिक्षणाचा होता, पण बोलता बोलता गाडी बालविवाहावर आली, आणि ती यायचीच होती. मुलगी दहाव्या-बाराव्या वर्षी सासरी गेली तर शाळेत बसणार कोण? फळा, खडू, इमारत, सारे आणून ठेवा, बाकच रिकामे. तेव्हा परिषदेने बालविवाहाविरुद्ध ठराव केला. पुढे १९२९ साली शारदा कायदा झाला, त्यामागे या बायकांनी लावलेला रेटा मोठा होता. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. ते आज अठरा आहे. तरी ऊसतोडीला जाताना मुलगी मागे कोणाकडे ठेवायची म्हणून तिचे लग्न उरकून टाकणारे आईबाप आपल्या मराठवाड्यात अजून आहेत, आणि त्या मुलीचे नाव हजेरीपटावरून खोडताना कोणत्या शिक्षकाचा हात अडखळतो ते शिक्षकांनाच ठाऊक.

त्याच १९२७ साली एका अमेरिकन बाईने, कॅथरीन मेयो हिने, 'मदर इंडिया' नावाचे पुस्तक लिहून हिंदुस्थानच्या घराघरातली घाण जगापुढे मांडली, आणि असल्या लोकांना स्वराज्य कशाला, असा सूर लावला. परदेशी बाई म्हणून मार्गारेटबाईंना तो सूर उचलणे सोपे होते. त्यांनी त्या पुस्तकाला जाहीर विरोध केला. घरातले दोष घरात राहून, झाडू हाती घेऊन काढावेत, हा त्यांचा मार्ग होता.

तिसरी खेप आली १९३२ च्या डिसेंबरात. कायदेभंगाच्या चळवळीला चिरडण्यासाठी सरकारने वटहुकूम काढले होते, लोकांच्या बोलण्या-जमण्यावर बंदी आणली होती. चोपन्न वर्षांच्या मार्गारेटबाई मद्रासेत उभ्या राहून त्याविरुद्ध बोलल्या. मॅजिस्ट्रेट राहिलेल्या बाईला एक वर्षाची कैद झाली आणि वेल्लोरच्या तुरुंगात रवानगी झाली. लंडन, आयर्लंड, हिंदुस्थान. तीन मुलूख, तीन तुरुंग, आणि राज्य तेच.

मताच्या हक्काची पुढची लढाई मात्र आता हिंदी बायकांनी हाती घेतली होती, आणि मार्गारेटबाईंना ते दिसत होते. १९३० नंतर सरकारने आणखी बायकांना मत द्यायचे ठरवले, पण अट अशी घातली की पात्र पुरुषाची बायको किंवा विधवा असेल तर, किंवा लिहितावाचता येत असेल तर. महिला संघटना म्हणाल्या, आम्हाला कोणाची बायको म्हणून मत नको. वयात आलेल्या प्रत्येक माणसाला द्या, पुरुषालाही आणि बाईलाही. सरकारने ऐकले नाही. १९३५ च्या कायद्याने सुमारे साठ लाख बायका मतदार झाल्या, त्यांतल्या पुष्कळ जणी 'अमक्याची बायको' म्हणूनच. १९३६ साली मार्गारेटबाईंना महिला परिषदेचे अध्यक्षपद मिळाले. त्यानंतर त्या जाणूनबुजून मागे सरत गेल्या. या देशाच्या बायकांचा आवाज आता त्यांच्या स्वतःच्या तोंडून यावा, परक्या बाईने पुढे पुढे करू नये, असे त्यांना वाटू लागले होते. पुढारीपण सोडणे हे पुढारीपण करण्याहून अवघड. आपल्या पतसंस्थांचे नि दूध सोसायट्यांचे अध्यक्ष पाहा, म्हणजे पटेल.

१९४३-४४ च्या सुमारास त्यांना पक्षाघात झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. पैसा गाठीशी नव्हता. मद्रास सरकारने मदत दिली, पुढे पंडित नेहरूंनीही त्यांची आठवण ठेवली. १९५० साली नवराबायकोंनी मिळून लिहिलेले आत्मचरित्र निघाले. त्याच वर्षी घटना अमलात आली आणि एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळाले. सारा किती, घर कोणाचे, नवरा कोण, काही विचारायचे नाही. हे वय पुढे १९८९ पासून अठरावर आले.

पण विचारायचे नाही ते बाईने स्वतःच सांगितले, त्याची गोष्ट शिक्षकांनी तरी माहीत करून घ्यावी. कारण मतदारयादीचे काम अखेर तुमच्याच गळ्यात पडते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार करायला माणसे घरोघर गेली. उत्तर हिंदुस्थानात कित्येक ठिकाणी बायका आपले नाव परपुरुषाला सांगेनात. 'रामाची आई', 'शंकरची बायको', एवढेच सांगत. यादी करणाऱ्यांनी तसेच लिहून घेतले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हुकूम काढला: मतदाराला स्वतःचे नाव पाहिजे, मुदत घ्या, बायकांना समजावा, नाव नाही तर यादीत जागा नाही. मुदत दिली, दवंड्या पिटल्या, तरीही जवळजवळ आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे अठ्ठावीस लाखांची नावे गाळावी लागली. सेनसाहेबांवर टीका झाली. पण ते हटले नाहीत, आणि पुढच्या निवडणुकीच्या वेळी परिस्थिती पुष्कळ सुधारली.

आपल्याकडे अडचण निराळ्या रूपाने येते. माहेरची सुमन सासरी सुनंदा होते. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे, आधार कार्डावर तिसरे. माहेरच्या यादीतून नाव निघालेले नसते, सासरच्या यादीत चढलेले नसते, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर तिला सांगतात, 'तुमचं नाव न्हाई बाई.' लग्न होऊन नवी सून गावात आली की नाव नोंदण्याचा अर्ज मतदानकेंद्राच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे पुष्कळदा शाळेतल्या गुरुजींकडे किंवा अंगणवाडीच्या ताईंकडेच, द्यायचा असतो. तो निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता द्यावा. नाव एकच ठेवावे, सगळ्या कागदांवर.

अड्यारला ११ मार्च १९५४ रोजी मार्गारेटबाई वारल्या. वय पंचाहत्तर. जेम्ससाहेब दोन वर्षांनी मदनपल्लीस गेले. त्या पहिल्या निवडणुकीत बायका रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा मार्गारेटबाई अंथरुणावरच होत्या.